राठोडला किती, मालेवारला किती?

२ मार्च २०२५ रोजी जामठ्याच्या मैदानावर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक उचलला, तोही अंतिम सामना अनिर्णित सोडवून. पहिल्या डावात विदर्भाच्या ३७९ धावा, केरळच्या ३४२. ३७ धावांच्या त्या आघाडीवर करंडक नागपुरात राहिला. नंतरचे कित्येक दिवस सिव्हिल लाइन्सपासून मानेवाड्यापर्यंत चार क्रिकेटवेडे जमले की तर्रीपोह्यांच्या गाडीवर हिशेब सुरू व्हायचा. कोणाला किती मार्क? "मालेवारले धा पैकी धा," एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याने लगेच अडवायचं, "अन् मग राठोडले काय देशीन भाऊ? देशात सगळ्यात जास्त रन त्याचे हायेत!"

हा वाद मला मनापासून आवडतो. हंगाम संपल्यावर खेळाडूंना गुण देणं हा चाहत्यांचा रिकामा उद्योग आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी असा एक हिशेब कागदावर मांडून बघावा. खेळ किती कळला आहे, ते तिथेच उघड होतं. धावा आणि बळी सगळ्यांनाच दिसतात. त्यांचं मोल ठरवताना मात्र कशाला काय वजन द्यायचं याचा निर्णय घ्यावा लागतो.

युरोपात हे काम फार पद्धतशीर चालतं. जर्मनीत 'किकर' हे फुटबॉलचं नियतकालिक सामन्यानंतर प्रत्येक खेळाडूला श्रेणी देतं. जर्मन शाळेसारखी १ ही सर्वोत्तम आणि ६ ही सर्वांत वाईट. इटलीतली क्रीडा दैनिकं दहापैकी गुण देतात, आणि साडेपाच मिळाले की साडेसहा यावरून तिथे सोमवारी सकाळी कॉफीच्या टपऱ्या गाजतात. युरोपच्या बास्केटबॉलने तर सूत्रच बनवलं. युरोलीगमध्ये प्रत्येक खेळाडूचा एक निर्देशांक निघतो. त्याने मिळवलेले गुण, टिपलेले रिबाउंड, दिलेले असिस्ट, हिसकावलेले चेंडू, अडवलेले फटके आणि प्रतिस्पर्ध्याला करायला लावलेले फाउल यांची बेरीज करायची. त्यातून हुकलेले नेम, हुकलेले फ्री थ्रो, हातचे गमावलेले चेंडू, स्वतःचे अडवले गेलेले फटके आणि स्वतः केलेले फाउल वजा करायचे. समजा एखाद्याचे १८ गुण, ७ रिबाउंड, ५ असिस्ट, १ हिसकावलेला चेंडू आणि करायला लावलेले ४ फाउल असे ३५ झाले, आणि ६ हुकलेले नेम, १ हुकलेला फ्री थ्रो, गमावलेले ३ चेंडू, स्वतःचे २ फाउल असे १२ वजा झाले, तर त्याचा आकडा २३.

सूत्र सोपं आहे, आणि त्याचा दोषही त्या सोपेपणातच आहे. इथे रिबाउंडही एक आणि असिस्टही एक. सामना बरोबरीत असताना शेवटच्या मिनिटात हिसकावलेला चेंडू एक, आणि वीस गुणांनी पुढे असताना हिसकावलेला चेंडूही एकच. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम खेळाडूला चाळीस मिनिटं चिकटून राहून ज्याने त्याचा खेळ बिघडवला, त्याच्या नावावर कदाचित काहीच चढत नाही. म्हणून तिकडचे जाणते चाहते हा आकडा विचारात घेतात, पण त्यावर थांबत नाहीत. हंगामाअखेर प्रत्येकाला वेगळी श्रेणी देताना ते विचारतात, या माणसाला संघात कशासाठी घेतलं होतं, आणि ते काम त्याने केलं का?

विदर्भाच्या २०२४-२५ च्या हंगामाला हाच प्रश्न लावून बघू. तो हंगाम त्यासाठी अगदी योग्य आहे, कारण त्यात मोठे आकडे भरपूर आहेत आणि त्यातले बरेच एकट्याने वाचले तर फसवतात.

सगळ्यात मोठा फसवा आकडा रणजीतला नाही, त्याच हंगामातल्या विजय हजारे करंडकातला आहे. करुण नायरने त्या एकदिवसीय स्पर्धेत ८ डावांत ७७९ धावा काढल्या, त्यात ५ शतकं. सरासरी ३८९.५०. क्रिकेटमधली सरासरी म्हणजे एकूण धावा भागिले बाद झाल्याची संख्या, डावांची नव्हे. करुण आठ डावांत दोनदाच बाद झाला. अंतिम सामन्याआधी तो एकदाच बाद झाला होता, तेव्हा त्याच्या धावा ७५२ आणि सरासरीही ७५२. कर्नाटकाविरुद्धच्या अंतिम सामन्यात तो २७ वर बाद झाला आणि त्या एका डावाने सरासरी जवळपास निम्म्यावर आणली. फलंदाज तोच, फॉर्म तोच, पण भाजक एकाचा दोन झाला. तो सामना विदर्भ ३६ धावांनी हरला. इतक्या थोड्या भाजकावर उभी असलेली सरासरी कौतुकाने सांगावी, पण गुण देताना ७७९ धावा आणि ५ शतकं पाहावीत.

आता रणजीचा पट. यश राठोड ९६० धावा, सरासरी ५३.३३, ५ शतकं. करुण नायर ८६३ धावा, सरासरी ५३.९३. दानिश मालेवार ७८३, सरासरी ५२.२०. कर्णधार आणि यष्टिरक्षक अक्षय वाडकर ७२२, सरासरी ४५.१२. चार फलंदाज सातशेच्या वर, हे कोणत्याही संघाचं स्वप्न.

राठोडच्या ९६० धावा देशात सर्वाधिक होत्या. पण मध्य प्रदेशच्या शुभम शर्माने त्याच हंगामात ९४३ धावा काढल्या त्या केवळ ७ सामन्यांत, १०४.७७ च्या सरासरीने. मध्य प्रदेश बाद फेरीत पोचलाच नाही. राठोडला १० सामने मिळाले. मग शर्मा सरस? निव्वळ सरासरीवर विचाराल तर हो. पण मला वाटतं इथे आणखी एक गोष्ट मोजली पाहिजे. राठोडला मिळालेले जादा तीन सामने उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम फेरीचे होते. तिथे गोलंदाजी तगडी असते, आणि एक वाईट सत्र वर्षभराची कमाई घालवतं.

त्या तीन सामन्यांचे धावफलक नीट वाचले तर या हंगामाचं खरं चित्र समोर येतं. उपांत्यपूर्व सामना, तामिळनाडूविरुद्ध: विदर्भ ३ बाद ४४. उपांत्य सामना, मुंबईविरुद्ध, दुसरा डाव: ४ बाद ५६. अंतिम सामना, पहिला डाव: ३ बाद २४. दुसरा डाव: २ बाद ७. बाद फेरीच्या प्रत्येक सामन्यात विदर्भाची वरची फळी एकदा तरी कोसळली, आणि प्रत्येक वेळी मधल्या फळीने घर सावरलं.

तामिळनाडूविरुद्ध ३ बाद ४४ वरून करुणने १२२ काढल्या. त्याच सामन्याच्या दुसऱ्या डावात राठोडच्या ११२ आल्या, आणि विदर्भ १९८ धावांनी जिंकला. मुंबईविरुद्ध पहिल्या डावात ११३ धावांची आघाडी हाती होती, पण ४ बाद ५६ झाल्यावर ती आघाडी पुरेल की नाही सांगता येत नव्हतं. समोर गतविजेता मुंबई, ज्याने एका वर्षापूर्वी वानखेडेवरच्या अंतिम सामन्यात विदर्भाला १६९ धावांनी हरवलं होतं. तिथून राठोड आणि वाडकरने पाचव्या गड्यासाठी १५८ धावा जोडल्या. वाडकरच्या ५२, राठोडच्या १५१. मुंबईपुढे ४०६ चं लक्ष्य उभं राहिलं आणि विदर्भ ८० धावांनी जिंकला. माझ्या मते संपूर्ण हंगामातली सर्वांत मोलाची खेळी हीच.

अंतिम सामन्यात राठोडकडून मोठी खेळी झाली नाही. तिथे मालेवार आला. वय २१, रणजीतला पहिलाच हंगाम, धावफलकावर ३ बाद २४, आणि केरळचे वेगवान गोलंदाज रंगात. त्याने २८५ चेंडूंत १५३ काढल्या. करुणबरोबरची भागीदारी २१५ धावांची झाली आणि ती कोणा गोलंदाजाने मोडली नाही. धाव घेताना गोंधळ झाला आणि करुण ८६ वर धावबाद झाला. दुसऱ्या डावात २ बाद ७ वरून पुन्हा हेच दोघे उभे राहिले, १८२ धावा जोडल्या. मालेवार ७३, करुण १३५. सामनावीर मालेवार ठरला, आणि तो योग्यच होता.

अडचण ही की अंतिम सामना आठवणीत सगळ्यात वर बसतो. डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं आहे की एखादा अनुभव आठवताना माणूस त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांनाच जास्त वजन देतो. तो किती काळ चालला हे जवळपास विसरतो. हंगामाचे गुण देताना नेमकं तेच होतं. मालेवारच्या १५३ धावा डोळ्यांसमोर असतात, आणि साखळीतले सात सामने, ज्यांतले ६ जिंकून ४० गुणांसह विदर्भ गटात अव्वल आला, ते धूसर होतात. म्हणून मी म्हणेन, प्रत्येकाने आपले गुण बाद फेरी सुरू होण्याआधी एकदा लिहून ठेवावेत आणि हंगाम संपल्यावर पुन्हा. दोन्ही कागद शेजारी ठेवले की अंतिम सामन्याने किती ओढलं ते कळतं.

राठोडला मी साडेनऊ देतो, मालेवारला नऊ, करुणला नऊ. करुणच्या नऊवर लोक भांडतील, कारण अंतिम सामन्याच्या दुसऱ्या डावात ३१ वर असताना स्लिपमध्ये त्याचा झेल सुटला होता. नशिबाचे गुण कापायचे का? मी कापत नाही. सुटलेल्या झेलानंतर शंभरावर धावा काढाव्या लागतातच, आणि हंगामभर नशीब दोन्ही बाजूंनी फिरत असतं. ८६ वर धावबाद होणं हेही त्याच खात्यात जमा करा.

गोलंदाजीत वादच नाही असं वाटेल. हर्ष दुबेने ६९ बळी घेतले, सरासरी १६.९८, रणजीच्या एका हंगामातला हा विक्रम. वय २२, डावखुरा फिरकीपटू, शिवाय खालच्या फळीत ४७६ धावा. मालिकावीर तोच. पण त्याच्या आकड्याचं मोल कळायचं तर त्याने कोणाचा विक्रम मोडला ते पाहिलं पाहिजे. २०१८-१९ मध्ये बिहारच्या आशुतोष अमनने ६८ बळी घेतले होते, सरासरी ६.४८. नुसत्या आकड्यांवर अमन दुबेच्या कितीतरी पुढे दिसतो. मात्र ते बळी प्लेट गटातले होते. त्या वर्षी रणजीत ९ नवे संघ आले आणि त्या सगळ्यांना त्याच गटात ठेवलं होतं. त्यांतल्या अनेक संघांत प्रथम श्रेणीचा अनुभव असलेला फलंदाज शोधावा लागत होता. अमनची चूक काहीच नाही. समोर आले त्यांना त्याने बाद केलं, आणि त्याआधीचा ६४ बळींचा विक्रम बिशनसिंग बेदींचा होता हे लक्षात घेतलं तर त्याचं कामही लहान नाही. पण दुबेच्या ६९ मध्ये मुंबई आहे, तामिळनाडू आहे, आणि अंतिम सामना आहे. सोप्या पेपरातले नव्वद आणि अवघड पेपरातले पंच्याऐंशी यांची नुसती वजाबाकी करता येत नाही. दुबेला माझे दहापैकी दहा. या यादीत दहा एकालाच.

आता पार्थ रेखडे. या हंगामात सूत्राने गुण द्यायला सगळ्यात अवघड खेळाडू कोण, तर हा. अंतिम सामन्यात तो सलामीला गेला, पहिल्या डावात दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर बाद झाला, दुसऱ्या डावात एका धावेवर. फलंदाज म्हणून पाहिलं तर नापास. पण हाच रेखडे डावखुरी फिरकी टाकतो. उपांत्य सामन्यात मुंबईच्या पहिल्या डावात त्याने एकाच षटकात अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना बाद केलं. आणि अंतिम सामन्यात केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ वर खेळत होता. केरळ ६ बाद ३२४. बरोबरीला ५५ धावा कमी. शतकासाठी बेबीने रेखडेला उंच फटका मारला आणि करुणने झेल घेतला. त्याच्यासह शेवटचे चार बळी १८ धावांत गेले. त्या ३७ धावांच्या आघाडीतल्या किती धावा रेखडेच्या नावावर लिहायच्या? बास्केटबॉलच्या सूत्राप्रमाणे तो एक बळी, बस. मी म्हणतो तो बळी करंडकाच्या अर्ध्या वजनाचा होता. सलामीचं काम त्याचं मुळात नव्हतंच, संघाने गरजेपोटी दिलं होतं. सात.

वाडकरला साडेआठ. यष्टिरक्षकाचं आणि कर्णधाराचं काम धावफलकात फारसं उतरत नाही. दोन फिरकीपटूंना दिवसभर फिरवत राहणं, क्षेत्ररक्षक कधी आत ओढायचा आणि कधी लांब पाठवायचा, हे टीव्हीवर तुकड्या-तुकड्यांनी दिसतं. जामठ्याच्या रिकाम्या स्टँडमध्ये सबंध दिवस बसणाऱ्यांना ते सलग दिसतं, म्हणून या बाबतीत मी त्यांच्या शब्दाला जास्त मान देतो. शिवाय वाडकरची जुनी खातीही आहेत. इंदूरच्या २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याच्या १३३, वानखेडेवर हरलेल्या सामन्यात १०२. पण या हंगामाच्या गुणांत ते मिळवायचे नाहीत, एवढी शिस्त हवी.

संघाला किती? इथे अपेक्षेचं माप घ्यावं लागतं. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतो आणि पहिला करंडक १ जानेवारी २०१८ ला मिळाला. फैज फजलचा तो संघ अंतिम फेरीत जाईल असं हंगामाच्या सुरुवातीला नागपुरातही फार थोड्यांना वाटलं असेल. रजनीश गुरबानीने उपांत्य सामन्यात कर्नाटकाचे १२ गडी टिपले, विदर्भ ५ धावांनी जिंकला आणि अंतिम सामन्यात त्याने हॅट्ट्रिक घेतली. त्या हंगामाला दहापैकी दहा द्यायला कोणी हात आखडू नये. २०१८-१९ मध्ये नागपुरात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून करंडक राखला, त्यात आदित्य सरवटेचे ११ बळी होते. पण २०२४-२५ पर्यंत विदर्भ मोठा संघ झाला होता. त्याने बाद फेरीत जायचंच होतं, त्यामुळे तोच करंडक आता थोडा कमी गुण आणतो. नऊ. कापलेला एक गुण सलामीचा.

आणि याच मापाने केरळला मी विदर्भापेक्षा जास्त देईन. पहिल्यांदाच अंतिम फेरीत आलेला संघ. उपांत्यपूर्व सामन्यात जम्मू-काश्मीरविरुद्ध पहिल्या डावात एका धावेची आघाडी. उपांत्य सामन्यात गुजरातविरुद्ध दोन धावांची: ४५७ आणि ४५५. गुजरातचा शेवटचा फलंदाज नागवासवालाने मारलेला फटका शॉर्ट लेगला उभ्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळला, चेंडू उडाला आणि स्लिपमध्ये सचिन बेबीच्या हातात पडला. त्या संघातून अंतिम सामन्यात ७९ धावा काढून विदर्भाला सर्वांत जास्त छळलं ते सरवटेनेच; विदर्भ सोडून तो त्याच हंगामात केरळकडे गेला होता. नागपूरकरांनी त्याचे गुण केरळच्या रकान्यात लिहावेत, पण हात आखडू नये.

पुढच्या काही महिन्यांत बरंच घडलं. करुण आठ वर्षांनी भारताच्या कसोटी संघात परतला, इंग्लंडमध्ये ४ कसोटींत २०५ धावा काढल्या, मालिकेनंतर वगळला गेला आणि पुन्हा कर्नाटकाकडे गेला. मालेवारने दुलीप करंडकात २०३ केल्या, राठोडने त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात १९४. आता बरेच जण जुन्या गुणांना हात घालतात: बघा, करुणला नऊ जास्तच होते. हे मला मान्य नाही. ओव्हलच्या हिरव्या खेळपट्टीवर काय झालं त्याने जामठ्यावरचे १३५ बदलत नाहीत. हंगामाचे गुण त्या हंगामापुरते. पुढे काय होईल याचा अंदाज ज्याला करायचा त्याने वेगळा रकाना आखावा.

सलामीच्या रकान्यात मात्र ऑक्टोबर २०२५ मध्येच नवी नोंद झाली. जामठ्यावरच्याच इराणी करंडकाच्या सामन्यात अथर्व तायडेने सलामीला येऊन १४३ काढल्या, राठोडने ९१, आणि शेष भारताला विदर्भाने ९३ धावांनी हरवलं. सामनावीर तायडे.